सकाळचा कप आणि रात्रीचे पावणेदहा: परळमधील एका दहा वर्षांच्या मुलाच्या वाढत्या वजनाचे प्रकरण

हे प्रकरण आमच्या आहारसल्ला केंद्रात आलेल्या, परळ-लालबाग भागातील एका मराठी कुटुंबाचे आहे. कोणाचीही ओळख पटू नये आणि अशा घरांतून पुन्हा पुन्हा दिसणाऱ्या गोष्टी एका जागी याव्यात, म्हणून सारख्या स्वरूपाच्या प्रकरणांतील तपशील एकत्र करून ते प्रातिनिधिक रूपात मांडले आहे. पदार्थ, जेवणाच्या वेळा आणि घरातील बोलणी अशा घरांत असतात तशीच ठेवली आहेत.

घरात चार माणसे आहेत: आई, वडील, वडिलांची आई आणि मुलगा. वडील अंधेरीला एका खासगी कंपनीत नोकरीला आहेत, आई फोर्टमध्ये एका कार्यालयात लेखा विभागात आहे. आजी मूळच्या सिंधुदुर्गातल्या, गिरणी चालू असतानाच्या काळात लग्न होऊन चाळीत आल्या. चाळीचा पुनर्विकास झाला आणि संक्रमण शिबिरातली काही वर्षे काढून कुटुंब आता सतराव्या मजल्यावर राहते.

आईची पहिली तक्रार वजनाची नव्हतीच. मुलाच्या मानेवर ‘मळ बसतो, कितीही घासला तरी निघत नाही’ असे तिचे म्हणणे होते. बेसन-हळद झाली, लिंबाची फोड झाली, शेवटी नायलॉनच्या घासणीने घासून मानेची कातडी दोन ठिकाणी सोलवटली होती. कॉलर बाजूला केल्यावर मानेच्या मागच्या वळ्यांमध्ये काळसर, जाडसर, हाताला मखमलीसारखा लागणारा पट्टा दिसला आणि काखेतही तसाच. हा मळ नव्हे. वैद्यकात याला अकँथोसिस नायग्रिकन्स म्हणतात, आणि वजन जास्त असलेल्या मुलांत तो बहुतेक वेळा एकच गोष्ट सांगत असतो, ती म्हणजे रक्तातील साखर ताब्यात ठेवण्यासाठी शरीराला नेहमीपेक्षा जास्त इन्सुलिन तयार करावे लागत आहे. घासण्याने तो जात नाही, उलट घर्षणाने वाढू शकतो. आईला हे सांगितल्यावर ती काही वेळ गप्प राहिली आणि मग तिने मुलाची कॉलर सारखी केली.

मोजमाप आणि तपासण्या

मुलाला दहा वर्षे नुकतीच पूर्ण झाली होती. उंची १४२ सेंटिमीटर, वजन ४८ किलो, म्हणजे बॉडी मास इंडेक्स (किलोतील वजन भागिले मीटरमधील उंचीचा वर्ग) २३.८. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००७ च्या संदर्भ तक्त्यात या वयाच्या मुलग्यांसाठी १८.५ च्या पुढे अतिवजन आणि २१.४ च्या पुढे लठ्ठपणा धरतात. इंडियन अकॅडमी ऑफ पेडियाट्रिक्सने २०१५ साली भारतीय मुलांसाठी जे तक्ते काढले, त्यांतल्या अतिवजनाच्या आणि लठ्ठपणाच्या रेषा प्रौढ वयातील २३ आणि २७ या आकड्यांशी जुळवलेल्या आहेत. त्यांच्यावरही हा मुलगा लठ्ठपणाच्या रेषेच्या वरच येत होता. कमरेचा घेर ७८ सेंटिमीटर, म्हणजे उंचीच्या निम्म्याहून बराच जास्त. आपल्याकडच्या मुलांत मी या शेवटच्या मापाला अधिक महत्त्व देते, कारण चरबी पोटाभोवती साठण्याची प्रवृत्ती आपल्यात मुळातच जास्त आहे आणि नुसत्या वजनकाट्याला ती कळत नाही.

शाळेच्या आरोग्यपत्रकावरील नोंदी उपयोगी पडल्या. सातव्या वर्षी वजन २४ किलो आणि उंची १२२ सेंटिमीटर, म्हणजे सर्व काही ठीक. आठव्या वर्षी ३० किलो, नवव्या वर्षी ३८, दहाव्या वर्षी ४८. या वयात वर्षाला अडीच-तीन किलो वाढ अपेक्षित असते. इथे ती सहा, आठ आणि दहा अशी चढत गेली. उंची मात्र या तीन वर्षांत वीस सेंटिमीटरने वाढली, म्हणजे चांगलीच वाढली. हा मुद्दा महत्त्वाचा, कारण कुटुंबाने थायरॉइडची तपासणी दोनदा करून घेतली होती आणि दोन्ही वेळा ती बिनदोष आली, तरी ‘हार्मोनचंच काहीतरी असणार’ ही आशा सुटत नव्हती. थायरॉइड किंवा तत्सम ग्रंथीच्या आजाराने वजन वाढते तेव्हा मुलाची उंची सहसा खुंटते. वयाच्या मानाने उंच आणि जाड असे मूल समोर असेल, तर कारण बहुधा ताटात, झोपेत आणि हालचालीत शोधावे लागते.

रक्ताच्या अहवालात तीन गोष्टी लक्ष वेधणाऱ्या होत्या. हिमोग्लोबिन १०.९ होते, आणि पाच ते अकरा वर्षांच्या मुलांत ११.५ च्या खाली रक्तक्षय मानतात. एचबीएवनसी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांतील सरासरी साखरेचा अंदाज देणारा आकडा, ५.८ होता, म्हणजे मधुमेहपूर्व अवस्थेत नुकताच शिरलेला. मात्र लोहाची कमतरता असताना हा आकडा थोडा फुगलेला दिसू शकतो, म्हणून त्यावरून लगेच शिक्का मारला नाही. यकृतावरचा ताण दाखवणारे एएलटी हे विकर (एन्झाइम) ४६ होते, ज्याच्यापुढे प्रयोगशाळेने ‘किंचित वाढलेले’ असे छापले होते. मुलग्यांसाठी बालरोगतज्ज्ञ जी मर्यादा धरतात ती २६ ची आहे, त्यामुळे ही वाढ किंचित नव्हती. पोटाची सोनोग्राफी आणि पुढील पाठपुरावा बालरोगतज्ज्ञांकडे सोपवला. २०१६ ते २०१८ या काळात झालेल्या राष्ट्रीय सर्वंकष पोषण सर्वेक्षणात शाळकरी वयातील साधारण दहापैकी एक मूल मधुमेहपूर्व अवस्थेत आढळले होते, हे ठाऊक असले की असा अहवाल पाहून धक्का बसत नाही, आणि ही बाब अधिक अस्वस्थ करणारी आहे.

जाड मुलात रक्तक्षय कसा, हा प्रश्न वडिलांनी विचारला. त्याचे उत्तर पुढच्या रोजनिशीतच मिळाले.

घराचा कयास आणि सात दिवसांची रोजनिशी

वजन कशामुळे वाढले याबद्दल घरात तीन मते होती. वडिलांच्या मते मोबाइलमुळे. आईच्या मते वडापावमुळे आणि शाळेबाहेरच्या दुकानामुळे. आजींना मुळात वजन जास्त आहे हेच मान्य नव्हते. ‘अंगानं भरलाय एवढंच. खातोय तर खाऊ दे, लहानपणी घास घास करून भरवावं लागायचं,’ असे त्या म्हणाल्या. तिघांचेही थोडे थोडे खरे निघाले, पण मुख्य कारण तिघांच्याही बोलण्यात नव्हते.

एक आठवडा जे जे तोंडात गेले ते लिहून ठेवायला सांगितले, आणि लिहिण्याचे काम आजींकडे दिले, कारण शाळा आणि शिकवणी सोडली तर दिवसभर मुलगा त्यांच्याजवळच असतो. त्यांनी जुन्या कॅलेंडरच्या पाठकोऱ्या पानांवर, वेळेसकट, अतिशय नेटकी नोंद केली. ‘काही नाही, फक्त चार बिस्किटं’ असे शब्दसुद्धा त्यात जसेच्या तसे होते. आहाराच्या नोंदी शिकलेली माणसेही सहसा इतक्या प्रामाणिकपणे ठेवत नाहीत.

शाळा सकाळची. मुलगा पावणेसहाला उठतो, सव्वासहाला स्टीलच्या मोठ्या कपातून म्हशीचे दूध घेतो. दूध अडीचशे मिलिलिटर, त्यात दोन भरगच्च चमचे चॉकलेटी पावडर, वर दोन चमचे साखर, कारण ‘पावडर गोड नसते’, आणि बुडवायला क्रीमची चार बिस्किटे. या एका बैठकीचा हिशेब साधारण ५३० कॅलरीचा होतो. त्यात वरून घातलेली साखर ३२ ग्रॅमच्या आसपास. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२० च्या शिफारशीनुसार दहा ते बारा वयाच्या मुलग्याची दिवसाची गरज २२२० कॅलरी धरली आहे. जागतिक आरोग्य संघटना म्हणते की वरून घातलेल्या साखरेतून येणारी ऊर्जा एकूण ऊर्जेच्या दहा टक्क्यांच्या आत असावी, आणि पाच टक्क्यांच्या आत असेल तर उत्तम. या मुलासाठी दहा टक्के म्हणजे ५५ ग्रॅम आणि पाच टक्के म्हणजे २८ ग्रॅम. शाळेची घंटा व्हायच्या आतच २८ चा आकडा ओलांडलेला असे.

शाळेच्या डब्यात दोन पोळ्या आणि भाजी. डबा परत येई तो निम्मा भरलेला. विचारल्यावर मुलाने जे सांगितले ते कोणाच्याच लक्षात आले नव्हते. सुट्टी वीस मिनिटांची, तीत मैदानावर जायचे असते. भाजीचे तेल खालच्या पोळीत मुरलेले असते आणि पोळी लगदा होते. हात तेलकट झाले की धुवायला नळावर रांग. म्हणून वरची पोळी खाऊन डबा बंद. मग पावणेएकला शाळा सुटताना भूक कडाडलेली असते आणि खिशात वीस रुपये असतात. ‘लागले तर असू दे’ म्हणून आईने दिलेले. त्यातून आंब्याच्या पेयाचे खोके येते, ज्यात २५ ग्रॅमच्या आसपास साखर असते आणि पाकिटावर आंब्याचे चित्र असल्यामुळे घरात ते फळांच्या हिशेबात धरले जाते.

दुपारचे जेवण चांगले होते: भात, वरण, बटाट्याची भाजी, पापड, आठवड्यातून दोनदा मासे. साडेतीनला शिकवणीला जाण्यापूर्वी झटपट नूडल्सचे एक पाकीट किंवा लोणी लावलेला पाव. साडेसहाला परत आल्यावर आजींबरोबर चहा आणि खारी किंवा फरसाण. आई आठ वाजता घरी पोचते, वडील साडेनऊला. रात्रीचे जेवण सगळ्यांनी मिळून, पावणेदहाला: तीन पोळ्या, भाजी, आमटी-भात. अकरा वाजता झोप लागावी म्हणून पुन्हा थोडे गोड दूध. झोपायला साडेअकरा.

वडापाव आठवड्यातून एकदा, शनिवारी, वडिलांबरोबर. एका वडापावच्या कॅलरी तीनशेच्या आसपास धरल्या तरी आठवड्यावर वाटून दिवसाला चाळीस-पंचेचाळीस होतात. वडापाव पौष्टिक आहे असा याचा अर्थ कोणी घेऊ नये. पण ज्याच्यावर घराने सगळा ठपका ठेवला होता तो पदार्थ या मुलाच्या बाबतीत सकाळच्या कपाच्या दहाव्या भागाइतकाही दोषी नव्हता. बाहेरचे ते वाईट आणि घरचे ते चांगले, अशी सरळ विभागणी मुंबईतल्या बहुतेक घरांत असते. तीत बिस्किटे, पावडर, नूडल्स आणि फरसाण ही सगळी ‘घरची’ ठरतात, कारण ती घरातल्या डब्यांतून निघतात.

सर्व मिळून दिवसाचा आकडा २६०० च्या आसपास गेला. वरकरणी तो प्रचंड वाटत नाही, आणि नेमकी तीच गोष्ट पालकांना पटवून द्यावी लागते. तीन वर्षांत अपेक्षेपेक्षा जे पंधराएक किलो जास्त चढले, ते दिवसांवर वाटले तर शरीरात रोज साठलेली ऊर्जा सरासरी शंभर कॅलरींच्या घरात येते. म्हणजे दोन बिस्किटे. हा हिशेब अर्थातच ढोबळ आहे, कारण शरीर जड होत जाते तसा त्याचा रोजचा खर्चही वाढतो आणि तो भरून काढणारे खाणेही त्याबरोबर वाढत गेलेले असते. पण ‘हा हावरट आहे’ या घरातल्या समजुतीला त्याने चांगला छेद दिला. मूल हावरट नव्हते. डबा अर्धा खाऊन सहा-सात तास काढणारे मूल होते.

रक्तक्षयाचे उत्तरही इथेच होते. भाजी आणि फळ मिळून दिवसाला शंभर-सव्वाशे ग्रॅमच्या पुढे जात नव्हते, पालेभाजी ‘आवडत नाही’ म्हणून बंद, उसळ फक्त रविवारी. त्यावर दिवसाला अर्धा लिटरच्या आसपास दूध आणि खाण्याबरोबर चहा, हे दोन्ही अन्नातील लोहाच्या शोषणात अडथळा आणतात. ऊर्जा भरपूर आणि लोह अपुरे, असे ताट शहरात आता दुर्मीळ राहिलेले नाही.

पावडर घरात कशी आली

या प्रकरणाचा मला सर्वांत बोलका वाटलेला भाग आजींच्या आठवणीतून पुढे आला. मुलाचे जन्मवजन २.४ किलो होते. अडीच किलोच्या खाली जन्मलेल्या बाळाला कमी वजनाचे म्हणतात, आणि त्या घरात ‘याला बाळसंच धरलं नाही’ ही काळजी पहिली चार वर्षे रोजची होती. मूल खात नाही, बारीक आहे, शेजारच्याचे बघा कसे गुबगुबीत. चौथ्या वर्षी कोणीतरी पावडर सुचवली. मुलाला ती आवडली, दूध पोटात जाऊ लागले, सगळ्यांना हायसे वाटले. पाचव्या-सहाव्या वर्षी मूल जेवायला लागले, पण पावडर चालूच राहिली. तिच्या जोडीला बिस्किटे आली, पुढे रात्रीचा कप आला. ज्या कारणासाठी उपाय सुरू झाला ते कारण कधीच संपले होते, आणि हे कोणाच्याही ध्यानात आले नाही, कारण त्या डब्यावर वाढ, ताकद आणि बुद्धी यांचे शब्द छापलेले होते. एप्रिल २०२४ मध्ये केंद्र सरकारच्या वाणिज्य मंत्रालयाने ऑनलाइन विक्री करणाऱ्या कंपन्यांना अशी पेये ‘हेल्थ ड्रिंक’ या गटातून काढायला सांगितले, ही बातमी आईने वाचली होती. पण ती आपल्या स्वयंपाकघरातल्या डब्याविषयी आहे असे तिला वाटले नव्हते.

जन्मवजनाचा संबंध एवढ्यावर थांबत नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले आहे की भारतीय नवजात बाळे युरोपीय बाळांपेक्षा वजनाने हलकी असली तरी त्यांच्या अंगावरची चरबी त्या प्रमाणात कमी नसते. स्नायू कमी आणि चरबी टिकून, अशी ती ठेवण असते. अशा ठेवणीचे मूल पुढे झपाट्याने वजन धरू लागले, तर मधुमेहाचा धोका दिसायला फार जाड होण्याची वाट पाहावी लागत नाही. लहान जन्मलेल्या मुलाला ‘भरून काढायचे’ म्हणून घातलेले जास्तीचे खाणे चरबीतच जास्त जाते, हे आजींना समजावून सांगताना मी त्यांच्या काळजीला चूक म्हटले नाही. चार वर्षांच्या बारीक मुलासाठी ती योग्यच होती.

एक प्रयत्न कुटुंबाने आमच्याकडे येण्यापूर्वीच करून पाहिला होता. नवव्या वर्षी आईने रात्रीचे जेवण बंद करून फक्त सूप सुरू केले. ताटावर वडील-आजी आमटी-भात खात आणि मुलगा सूप पीत बसे. आठवड्याभरात बिस्किटांचा डबा कपाटाच्या वरच्या फळीवर गेला आणि मुलगा स्टूल घेऊन तो काढू लागला. मग चोरी, मग ओरडा, मग ‘जाड्या’ हा शब्द. त्या वर्षीची वाढ दहा किलोंची आहे. वाढत्या वयाच्या मुलाला उपाशी ठेवण्याचा प्रयत्न अशाच मार्गाने जातो. भूक वेळ बदलून आणि लपून परत येते.

काय बदलले

उद्दिष्ट ठरवताना वजन कमी करण्याचा विषयच काढला नाही. मूल वर्षाला सहा-सात सेंटिमीटर वाढत आहे. वजन ४८ वर थांबले आणि उंची १४८ झाली, तर बॉडी मास इंडेक्स आपोआप २१.९ वर येतो, आणि अकराव्या वर्षी लठ्ठपणाची रेषा २२.५ ला असते. एक किलोही न घटवता मूल रेषेखाली जाऊ शकते, ही सवलत फक्त वाढीच्या वयात मिळते. वडिलांनी हे कागदावर स्वतः भागून पाहिले आणि त्यानंतर वजन न घटवण्याला असलेला त्यांचा विरोध मावळला. घरातला वजनकाटा माळ्यावर गेला. वजन दोन महिन्यांतून एकदा, केंद्रातच. ‘जाड्या’ आणि त्याचे सगळे भाऊबंद शब्द घरात बंद, पाहुण्यांनासुद्धा.

सर्वांत आधी सकाळचा कप हाताळला. पावडर एकदम बंद केली असती तर सव्वासहाला रडारड झाली असती, म्हणून दर पंधरवड्याला अर्धा चमचा कमी, आणि साखर पहिल्या आठवड्यातच बंद. दूध दीडशे मिलिलिटरवर आणले. बिस्किटांच्या जागी चावून खायचे काहीतरी: घावन, आंबोळी, थालीपीठ, उपमा, कधी उकडलेले अंडे आणि भाकरी. सकाळी सहाला हे करायचे कोणी, हा रास्त प्रश्न आईने विचारला. आजींनी घावनांचे काम आपणहून घेतले. तांदळाचे पीठ रात्री भिजवून ठेवायचे आणि सकाळी तवा तापला की पाच मिनिटांत दोन घावन. सिंधुदुर्गातल्या बाईला घावन शिकवायची गरज नव्हती, ते आपल्या नातवाच्या उपयोगाचे आहे एवढेच सांगायचे होते.

डब्याचा प्रश्न मुलाच्याच बोलण्यावरून सोडवला. पोळीभाजी वेगवेगळी न देता कोरडी भाजी किंवा परतलेली मटकी भरून पोळीची घट्ट गुंडाळी, अर्धी कापून, कागदात. हात तेलकट होत नाहीत आणि उभ्या-उभ्या खाता येते. डबा रिकामा येऊ लागला आणि त्यासरशी दुकानाची गरज निम्म्याने कमी झाली. वीस रुपये आठवड्याला एकदा करून दिले. शाळेच्या आवारात आणि तिच्या पन्नास मीटरच्या परिसरात चरबी, मीठ, साखर जास्त असलेले पदार्थ विकू नयेत, असा अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा २०२० चा नियम आहे, आणि महाराष्ट्र सरकारने त्याआधी २०१७ मध्येच शाळांच्या उपाहारगृहांतून असे पदार्थ हटवण्याचा निर्णय घेतला होता. परळसारख्या भागात, जिथे शाळेच्या फाटकासमोरच निवासी इमारतीच्या तळमजल्याला दुकानांची ओळ आहे, तिथे पन्नास मीटर मोजायचे कुठून कुठे, हे ज्याने ती गल्ली पाहिली आहे त्याला वेगळे सांगायला नको. नियमाच्या भरवशावर घराने राहू नये असे माझे मत आहे, पण पालकांनी शाळेत तो विषय काढावा. या आईने पालकसभेत काढला.

रात्रीच्या जेवणाची वेळ बदलणे सर्वांत अवघड गेले. ‘दिवसभरात एकदा तरी सगळे एकत्र बसतो’ हे वडिलांचे म्हणणे खोटे नव्हते, आणि एकत्र जेवणे मुलांसाठी चांगलेही असते. पण पावणेदहाची वेळ गाठायची म्हणजे साडेसहाला फरसाण लागणारच, आणि पावणेदहाला जेवलेले मूल साडेअकराच्या आत झोपणार नाही. सहा ते बारा वर्षांच्या मुलांना नऊ ते बारा तासांची झोप लागते. हा मुलगा रात्री सव्वासहा तास झोपत होता आणि दुपारी तासभर. झोप अपुरी असली की भूक वाढते आणि ती गोड-तळलेल्या पदार्थांकडे वळते, हे आता पुरेसे स्पष्ट झाले आहे. शेवटी तोडगा असा निघाला की सोमवार ते शुक्रवार मुलगा आजींबरोबर पावणेआठला पूर्ण जेवतो आणि दहाला अंथरुणात असतो. वडील आल्यावर ते जेवत असताना तो शेजारी ताकाचा पेला घेऊन बसतो. शनिवार-रविवार सगळ्यांचे ताट एकत्र. साडेसहाच्या चहाऐवजी उकडलेले चणे, शेंगदाणे, फुटाणे किंवा केळे, आणि तेही आजींसकट सगळ्यांसाठी, कारण एकट्याच्या पुढ्यात चणे आणि बाकीच्यांच्या पुढ्यात खारी हे चालत नाही.

घरातले तेल मोजले तेव्हा आईलाच नवल वाटले. चार माणसांना महिन्याला पाच लिटरचा डबा आणि वर दोन पिशव्या, म्हणजे माणशी दिवसाला पन्नास ग्रॅमहून जास्त. तेलाच्या एका ग्रॅमला नऊ कॅलरी. पिशव्या आणायच्या बंद केल्या. बाकी काही शिकवले नाही, पाच लिटरमध्ये महिना काढायचा एवढेच. लोहाची औषधे बालरोगतज्ज्ञांनी दिली, ती लिंबूपाण्याबरोबर आणि दूध-चहापासून दूर घ्यायला सांगितली.

खेळाचा प्रश्न इमारतीत आल्यापासूनचा होता. चाळीच्या गॅलरीत आणि चौकात हे मूल संध्याकाळभर धावत असे, त्यासाठी कोणाला वेळ काढावा लागत नव्हता. नव्या इमारतीच्या पोडियमवर ‘येथे क्रिकेट व फुटबॉल खेळण्यास मनाई आहे’ अशी पाटी आहे. सतराव्या मजल्यावरून मूल एकटे खाली सोडायला आजी धजत नाहीत. शिकवणीचे दोन दिवस कमी करून जवळच्या व्यायामशाळेत कबड्डीला घातले. गिरणगावात कबड्डीची परंपरा अजून जिवंत आहे, आणि त्या खेळात अंगाने जड मुलाची थट्टा होत नाही, त्याला कोपऱ्यात पकडीला उभे करतात. मैदानावर आपला उपयोग आहे हे कळल्यावर मुलाने आठवड्यातून तीनचे चार दिवस स्वतःच मागून घेतले. रोज एक तास दमवणारी हालचाल असावी या शिफारशीपर्यंत तो पोचलेला नाही.

वर्षभरानंतर

पहिल्या चार महिन्यांत वजन ४८ वर स्थिर राहिले. मग गणपती आले. लालबाग-परळमध्ये त्या दिवसांत आहाराचा तक्ता सांभाळायला सांगणे म्हणजे आपलेच हसे करून घेणे आहे. गावाकडची माणसे घरात, रात्री दोन वाजेपर्यंत रस्त्यावर गर्दी, शाळेला सुट्टी, कबड्डी बंद, आणि पेढे, लाडू, मोदक येता-जाता. आम्ही आधीच ठरवले होते की उकडीचे मोदक खायचे, त्यांचा हिशेब करायचा नाही, मात्र सकाळचा कप आणि जेवणाच्या वेळा शक्य तितक्या धरून ठेवायच्या. वेळा राहिल्या नाहीत. दीड किलो वाढले आणि दिवाळीत आणखी थोडे.

अकरा वर्षे पूर्ण झाल्यावर उंची १४८.५, वजन ५०.५ किलो, बॉडी मास इंडेक्स २२.९, म्हणजे अकराव्या वर्षाच्या २२.५ च्या रेषेपेक्षा अजून किंचित वर. आधीच्या वर्षी दहा किलो चढले होते, या वर्षी अडीच. कमरेचा घेर ७६ वर आला. हिमोग्लोबिन १२.१, एचबीएवनसी ५.५, एएलटी ३१. यातला एचबीएवनसीचा उतार किती आहारामुळे आणि किती लोह भरून आल्यामुळे, हे वेगळे काढता येत नाही. मानेवरचा पट्टा फिकट झाला आहे, गेलेला नाही. तो जायला वेळ लागतो, आणि आईने घासणे थांबवले आहे.

काही गोष्टी जमल्या नाहीत. पालेभाजी अजून फक्त थालीपीठात आणि आमटीत लपूनच जाते. आंब्याचे पेय शनिवारी येते. पावडर दोन चमच्यांवरून अर्ध्या चमच्यावर आली आणि तिथेच थांबली आहे, आणि आजींच्या मते तेवढी राहू द्यावी. मीही त्यावर अडून बसले नाही, कारण घावन त्यांच्याच हातचे आहेत आणि सकाळची सगळी व्यवस्था त्यांच्यावर उभी आहे.

पुढच्या जूनपासून शिष्यवृत्ती परीक्षेचा जादा वर्ग संध्याकाळी साडेपाच ते साडेसात असा सुरू होणार आहे, म्हणजे कबड्डीची वेळ आणि चण्यांची वेळ दोन्ही त्यात जातात. वर्ग शनिवार-रविवारी मिळतो का, याची आई चौकशी करत आहे. यकृताची आणि साखरेची तपासणी सहा महिन्यांनी पुन्हा होईल. मुलगा वयात येण्याच्या उंबरठ्यावर आहे, त्या काळात शरीराची इन्सुलिनची गरज आपोआप वाढते, म्हणून आकडे चांगले दिसत असले तरी भेटींमधले अंतर दोन महिन्यांचेच ठेवले आहे.